नाव घेऊन केलेली प्रार्थना

दुसऱ्याची गरज आपली मानून ती परमेश्वरापुढे मांडणे, याला ख्रिस्ती परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. स्तुती, आभार, पश्चात्ताप किंवा स्वतःसाठी मागणे यांत प्रार्थना करणारा आणि देव असे दोघेच असतात. मध्यस्थीत तिसरा माणूस येतो, आणि तो बहुतेक वेळा समोर नसतो. आपल्यासाठी कोणी हात जोडले आहेत हे त्याला ठाऊकही नसते. त्यामुळे ही प्रार्थना राहून गेली तरी कोणी विचारायला येत नाही. वसईतल्या नंदाखालच्या चर्चच्या आवारात रविवारच्या मिस्सानंतर ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ आणि ‘हो, नक्की’ एवढी देवाणघेवाण सहज होते. घरी पोचेपर्यंत त्यातली निम्मी नावे विसरलेली असतात. याला श्रद्धेची उणीव म्हणण्याचे कारण नाही. नाव लिहिलेले नसते आणि वेळ ठरलेली नसते, एवढेच.

बायबलमध्ये या प्रार्थनेची सुरुवात चक्क घासाघिशीने होते. सदोम नगर वाचावे म्हणून अब्राहाम देवाशी बोलू लागतो: पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस करत तो दहावर येऊन थांबतो. भाजीच्या टोपल्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात बसलेल्या वसईकराला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. अब्राहाम स्वतःसाठी काहीच मागत नाही, हे मात्र त्या सौद्यात लक्षात ठेवण्यासारखे. पुढे अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात उंचावून उभा राहतो. हात जड होतात तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणाराही थकतो आणि त्याला कोणीतरी धरावे लागते, हे त्या कथेत आलेच. शुभवर्तमानात कफर्णहूमचे ते चौघे आहेत, पक्षाघात झालेल्या मित्राला छप्पर उसवून खाली सोडणारे. त्यांच्या तोंडी एक शब्द नाही. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो.

काय मागावे याचा सर्वांत उपयोगी धडा लूकच्या बाविसाव्या अध्यायात आहे. पेत्र आपल्याला नाकारणार हे येशूला ठाऊक आहे. तो पेत्रासाठी प्रार्थना करतो, पण संकट टळावे अशी नव्हे. त्याचा विश्वास ढळू नये अशी. घरोघरच्या प्रार्थना बहुधा संकट टळण्यापाशीच थांबतात. परीक्षेत गुण, व्हिसा, ऑपरेशन यशस्वी होणे हे सगळे मागण्यात गैर काही नाही, पण त्याच्या जोडीला धीर, शहाणपण आणि सोबत मागितली, तर निकाल काहीही लागला तरी प्रार्थना वाया गेल्यासारखी वाटत नाही.

आता नावे लिहून ठेवायची वही. शाळकरी शंभर पानी वही पुरते. ती घरच्या वेदीजवळ, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी, पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवावी. पेन्सिल शोधण्यात नाव राहून जाते. पानावर चार रकाने आखावेत: तारीख, नाव, काय मागायचे, आणि शेवटचा रिकामा. तिसऱ्या रकान्यात ‘आशीर्वाद’ असा मोघम शब्द लिहू नये. ‘धाकट्या जावेची मुलगी, बारावी: पहाटे उठून अभ्यासाला बसण्याची सवय’ असे लिहावे. ‘पलीकडच्या आळीतले काका: डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार, नेण्या-आणण्याला माणूस मिळो’ असे लिहावे. ‘आखातात गेलेला भाचा: दोन महिन्यांचा पगार थकला आहे’ असे लिहावे. इतके नेमके लिहिण्यासाठी त्या माणसाची चौकशी करावी लागते, आणि पुष्कळदा मदतीची सुरुवात त्या चौकशीतच होते. काकांना मंगळवारी दवाखान्यात कोण नेते हे एकदा विचारल्यावर, पुढच्या मंगळवारी आपली स्कूटर रिकामीच उभी असते हेही आठवते.

चौथा रकाना पुढे काय झाले त्यासाठी. पगार मिळाला तर तारीख घालून तसे लिहावे आणि त्या दिवशी आभार मानावेत. मागणे लक्षात राहते, मिळालेले विसरते. त्यावर या रकान्याइतका सोपा उपाय नाही.

नावे चाळीसवर गेली की वही ओझे होते. ती वारांवर वाटून टाकावीत. सोमवार नात्यातल्यांचा, मंगळवार आजाऱ्यांचा, बुधवार शाळा-कॉलेजातल्या मुलांचा, गुरुवार धर्मगुरू, सिस्टर आणि गावचे कारभारी यांचा, शुक्रवार ज्यांच्याशी पटत नाही त्यांचा, शनिवार दूरदेशी गेलेल्यांचा. रविवारी मिस्साच्या आधी वही नुसती चाळावी. एका वाराला पाच-सहा नावे पुष्कळ झाली. तीस नावे भराभर वाचली की तो हजेरीपट होतो.

वेळेचे गणित प्रत्येक घराचे निराळे. विरार लोकलमध्ये पहाटे चढणाऱ्याला संध्याकाळी साडेसातची घरची रोझरी गाठता येत नाही; त्याला बोरिवलीपर्यंतचा वेळ आहे. घरी असणाऱ्यांना संध्याकाळची जपमाळ ही तयार चौकट मिळते. जपमाळेत पाच दशके असतात. प्रत्येक दशकाच्या आधी एक हेतू मोठ्याने सांगायचा, ही जुनी रीत अनेक घरांत अजून टिकून आहे. तिच्यात एक छोटी भर घालता येते: एका दशकात दहा मणी, तर प्रत्येक मण्याला एक नाव मनात घ्यायचे. लहान मुलांना मणी मोजायला आवडतात, त्यांच्यावर नावे सोपवावीत. दशक लांबले म्हणून कुरकुर होत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये येतात, तेव्हा आजाऱ्यांची नावे त्या दिवशी घेतली तर चिंतन आणि मागणे जुळून येते. टीव्हीवरची मालिका आठला लागणार असेल तर रोझरी साडेसातला सुरू व्हावी, हे सांगायला धर्मशास्त्र लागत नाही.

भाषेबद्दल उगाच दडपण असते. छापील प्रार्थनापुस्तकांतली मराठी भारदस्त असते आणि ती सर्वांनी मिळून म्हणण्यासाठी ठीकच आहे. पण सासूच्या गुडघ्यांसाठी मागताना ‘हे करुणासागरा’पासून सुरुवात करण्याची गरज नाही. नंदाखाल परिसरातल्या घरांत कादोडी बोलली जाते. ज्या बोलीत सासूशी बोलणे होते त्याच बोलीत तिच्यासाठी देवाशी बोलावे. शुभवर्तमान सोप्या मराठीत वाचून मग प्रार्थना करायची असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हाताशी ठेवावे. दिब्रिटो नंदाखालचेच. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

शब्दांत तीनच गोष्टी असाव्यात: नाव, गरज, आणि मग ते देवाच्या हाती सोपवणे. देवाला उपचारपद्धती सुचवणे टाळावे. ‘प्रभू, माझ्या भावाला अक्कल दे’ ही तर प्रार्थनेचा झगा घातलेली तक्रार आहे. खरोखर भावाच्या भल्याचे मागायचे असेल तर ते वाक्य भावासमोर म्हणता येईल का, हे पाहावे. येत नसेल तर बदलावे. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशूने त्याला विचारले की, तुझ्यासाठी मी काय करावे? तेच विचारणे इथेही लागू पडते. कॅन्सरच्या रुग्णाला बरे व्हायचेच असेल असे आपण धरून चालतो. त्याला कदाचित मुलीचे लग्न पाहायचे असते, किंवा नुसती एक रात्र झोप हवी असते.

आजाऱ्याच्या खाटेपाशी केलेली प्रार्थना दोन मिनिटांपेक्षा लांबवू नये. आधी बसावे. उभ्याने केलेली प्रार्थना घाईची वाटते. हात धरायचा असेल तर सलाइनची सुई ज्या हाताला आहे तो सोडून दुसरा धरावा, आणि धरण्याआधी विचारावे. नाव घेऊन, हळू आवाजात, त्याने सांगितलेली एकच गोष्ट मागावी आणि त्याला पाठ असलेली एखादी प्रार्थना सोबत म्हणावी. ग्लानीत असलेल्या म्हाताऱ्या माणसाचे ओठही लहानपणी शिकलेल्या ‘हे आमच्या बापा’ला हलतात. नंतर गप्प बसावे. ‘देवाची इच्छा’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले बरे झाले’ ही वाक्ये खोलीबाहेर ठेवावीत. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीतील वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. कॅथलिक चर्चमधला आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार यावरच उभा आहे. तो फक्त शेवटच्या घटकेसाठी असतो हा समज जुना आणि चुकीचा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी किंवा उतारवयातल्या दुखण्यात फादरांना वेळेवर बोलवावे. ते दारात दिसले म्हणून घरात रडारड व्हायचे कारण नाही.

औषध बंद करून प्रार्थना, असा सल्ला देणारे लोक सगळीकडे भेटतात. कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याला मान द्यायला सांगतो, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे. आणि त्याच अध्यायात आजाऱ्याने प्रार्थनाही करावी असे आहे. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘नवऱ्यासाठी प्रार्थना कर’ एवढेच सांगून घरी परत पाठवणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, पोलीस किंवा वकील हवा. नवऱ्यासाठीची प्रार्थना दुसऱ्या कोणी करावी.

प्रार्थनेच्या विनंत्या आता व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि इथे सर्वांत जास्त सांभाळावे लागते. एखाद्याच्या मुलीचा संसार मोडल्याची, मुलाच्या दारूची किंवा तपासणी अहवालातल्या आकड्यांची बातमी ‘प्रार्थना करा’ या दोन शब्दांच्या आडून दोनशे मोबाइलवर जाते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतोही, पण ज्याची बातमी आहे तो दुसऱ्या दिवशी बाजारात मान खाली घालून चालतो. विनंती पुढे पाठवण्याआधी त्या माणसाची किंवा घरच्यांची परवानगी घ्यावी. परवानगी नसेल तर ‘अडचणीत असलेल्या एका कुटुंबासाठी’ एवढे पुरे; देवाला पत्ता ठाऊक आहे. हात जोडलेल्या इमोजीने उत्तर द्यायचे असेल तर आधी तिथल्या तिथे, मोबाइल खाली ठेवून, ते नाव एकदा घ्यावे. मग खुशाल इमोजी पाठवावा. वहीतही नाजूक गोष्टी आद्याक्षरांनी लिहाव्यात, कारण वेदीजवळची वही पाहुणेही उघडतात.

मिस्साबलिदानात दुसऱ्यांसाठी मागण्याची जागा ठरलेली आहे. प्रवचन आणि विश्वासांगीकारानंतर येणाऱ्या विश्वासूंच्या प्रार्थना कित्येक शतके नेहमीच्या मिस्सातून गळाल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात त्या पुन्हा आणायला सांगितले. त्यांचा क्रमही सांगितलेला आहे: आधी चर्चच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जगाचे भले, मग संकटात सापडलेले लोक, आणि शेवटी स्थानिक समाज. आळीच्या गटावर किंवा युवकांवर या प्रार्थना लिहिण्याची पाळी आली की क्रम बहुतेक उलटा होतो. गावापासून सुरुवात होते आणि जग उरते तेवढ्यात उरकले जाते. दुसरी खोड लांबीची. ‘हे प्रभो, आमच्या गावातील तरुण आज मोबाइलच्या आणि व्यसनांच्या आहारी जाऊन आईवडिलांचे ऐकत नाहीत व चर्चकडे पाठ फिरवत आहेत, त्यांना तू सद्बुद्धी दे’ ही प्रार्थना नाही, ते दुसरे प्रवचन आहे, आणि ते ऐकायला नेमके चर्चमध्ये आलेले तरुणच बसलेले असतात. त्याऐवजी: ‘नोकरी शोधणाऱ्या आमच्या तरुणांसाठी: त्यांना काम आणि चांगली सोबत मिळावी.’ एका दमात वाचता येईल, सर्वांना मनापासून दुजोरा देता येईल, आणि कोणाला टोमणा लागणार नाही, एवढी कसोटी लावली की झाले. वाचणाऱ्याने प्रत्येक हेतूनंतर दोन श्वास थांबावे. लोकांना आपापले नाव आत ठेवायला तेवढी जागा लागते.

मिस्सा एखाद्याच्या हेतूने अर्पण करायला सांगणे ही वेगळी रीत. त्यासाठी दिले जाणारे दान ही किंमत नव्हे. १९८३च्या कॅनन कायद्याने याबाबतीत व्यापाराचा भासही होऊ नये असे बजावले आहे आणि गरिबांच्या हेतूंसाठी दानाविनाही मिस्सा करावी अशी धर्मगुरूंना शिफारस केली आहे. तेव्हा पैसे नाहीत म्हणून हेतू द्यायला कचरू नये.

समूहाने नेमाने करायच्या प्रार्थनेचे मराठी मुलखातले ठळक उदाहरण कॅथलिक नाही, केडगावचे आहे. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये रोजच्या प्रार्थनेला कोण बसेल असे विचारले तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली आणि दिवसातून दोनदा बसणे होऊ लागले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत साखळी प्रार्थनेची पद्धतही रुळली आहे: चोवीस तासांचे तुकडे पाडून प्रत्येकाने आपापल्या घरी आपला तास धरायचा. एखादे मूल अतिदक्षता विभागात असेल तेव्हा आळीतल्या बारा घरांनी रात्रीचा एकेक तास वाटून घेतला तर आईला एवढे तरी कळते की पहाटे तीनला कोणीतरी जागे आहे.

वहीतले शुक्रवारचे पान, ज्यांच्याशी पटत नाही त्यांचे, सर्वांत कठीण. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून सख्ख्या भावांत बांधावरून आणि सामाईक विहिरीवरून कज्जे झाले, ते काही ठिकाणी अजून कोर्टात आहेत. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, ही येशूची आज्ञा अशा भावासाठी पाळायची तर एकदम प्रेम वाटण्याची वाट पाहू नये. पहिले काही आठवडे नुसते नाव घ्यावे, मागणे काहीच नको. नंतर त्याच्या मुलांसाठी मागावे. मुलांवर राग नसतो. त्याच्यासाठी मागायची पाळी बरीच उशिरा येते. खटला मागे घ्यावा लागतो असे नाही. न्याय मागणे आणि त्या माणसाचे भले मागणे एकाच वेळी चालू शकते, जरी ते करणाऱ्याला अवघडल्यासारखे होते.

अनोळखी माणसांसाठी वर्तमानपत्र उघडावे. १८८७ साली फ्रान्समध्ये तिहेरी खुनाबद्दल प्रांझिनी नावाच्या माणसाला मृत्युदंड झाला. चौदा वर्षांच्या तेरेझाने, म्हणजे पुढे संत झालेल्या लिझ्यूच्या तेरेझाने, त्या गुन्हेगारासाठी प्रार्थना धरली, मिस्सा अर्पण करवली. वधस्थानी जाताना त्याने क्रूसाचे चुंबन घेतले, हे तिने नंतर वर्तमानपत्रात वाचले. रेल्वे रूळ ओलांडताना दगावलेल्या अनोळखी इसमाची चार ओळींची बातमी रोज कुठेतरी असते. त्याच्यासाठी मागणारे कदाचित दुसरे कोणी नसेल.

नंदाखालच्या आसपास सगळे शेजारी ख्रिस्ती नाहीत. सामवेदी ब्राह्मण कुटुंबांशी बोली सामाईक आहे, अर्नाळ्याच्या कोळ्यांशी पिढ्यांची देवघेव आहे. गुड फ्रायडेच्या उपासनेत ज्या दहा सार्वत्रिक प्रार्थना होतात त्यांत यहुदी, ख्रिस्तावर विश्वास नसलेले आणि देवच न मानणारे यांच्यासाठी स्वतंत्र प्रार्थना आहेत, तेव्हा शेजाऱ्यासाठी मागण्यात शंका नको. त्याच्या समोर मोठ्याने करायची असेल तर मात्र आधी विचारावे, आणि ‘नको’ आले तर घरी येऊन करावी. प्रार्थनेच्या आडून धर्म बदलण्याचा विषय काढणे म्हणजे आजाऱ्याच्या असहायतेचा फायदा घेणे आहे.

संतांना साकडे घालणे हा कॅथलिक मध्यस्थीचाच भाग: जिवंत मित्राला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो तसेच देवाजवळ पोचलेल्या मित्राला म्हणणे. वसईचा स्वतःचा संत आहे, गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारल्या गेलेल्या सव्वीस हुतात्म्यांपैकी एक, १८६२ मध्ये संत घोषित झालेला. परदेशी कामाला गेलेल्या मुलांसाठी त्याच्याकडे मागणे हे खास वसईचे. तोही इथूनच समुद्रापार गेला होता.

आणि मागितलेले मिळालेच नाही तर? पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितले, काटा राहिला. गेथशेमानेत पेला टळला नाही. ज्याचे मूल गेले त्याला ‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्याला बायबलचा आधार नाही. अशा वेळी वहीतल्या चौथ्या रकान्यात खोटे समाधान लिहू नये. तारीख लिहावी आणि नाव पुढच्या पानावर घ्यावे.

हे पुढचे पान वहीच्या शेवटी, मृतांचे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदा लढाईत पडलेल्यांसाठी अर्पण पाठवतो, त्यावर कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा मृतांसाठी प्रार्थना करत आली. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ती करत नाहीत, गेलेल्याच्या आयुष्याबद्दल आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी मागतात. घरात दोन्ही परंपरांची माणसे असतील तर निदान आभारांपाशी सर्वांना एकत्र उभे राहता येते. चर्चच्या दैनंदिन सायंप्रार्थनेत शेवटचा हेतू नेहमी मृतांसाठी असतो. घरच्या रोझरीतही शेवटचे दशक त्यांना द्यावे. २ नोव्हेंबरच्या आधी वहीतले ते पान काढून नावे स्वच्छ अक्षरात उतरवावीत. दफनभूमीत मेणबत्त्या लावून, कबरीवर वाडीतली फुले ठेवून झाली की पान मुलांच्या हातात द्यावे आणि त्यांना एकेक नाव वाचायला सांगावे. ‘हे कोण?’ असे ते विचारतील, त्याचे उत्तर तिथेच उभ्या उभ्या द्यावे.